भिंतीतली ओल

कंटेनर जहाजावरून उचलला गेला, निम्म्या वाटेवर आला आणि तिथेच हवेत थांबला. खाली वेळणखाडी बंदराच्या धक्क्यावर उभा असलेला कामगार बशीर वर बघत बाजूला झाला. इकडे घाट चढून आल्यावर, भोरमधल्या एका दगडी घराच्या पुढच्या खोलीत, सुजित कोंढाळकर दोन्ही हातांत तारांचे मोजे घालून बसला होता. तो हात पुढे करत होता, पण पडद्यावरची क्रेन जागची हलत नव्हती.

"बशीर, लांब हो रे. माझ्याकडून गेलंय."

"झालो साहेब. तुमचं नेट परत गेलं काय?"

"आलं, आलं. थांब जरा."

आलं ते, पण तोवर जहाज खोळंबलं होतं. बंदरातल्या क्रेनांवर माणूस चढून बसायचे दिवस संपले होते. चालक आपापल्या गावी, आपापल्या घरी बसून त्या चालवत. सुजितनं हे काम शिकून घेतलं होतं आणि त्याचा हात इतका हलका होता की भरलेला कंटेनर तो ताटात वाटी ठेवावी तसा ठेवायचा. अट एकच होती. दुवा पापणी लवण्याइतका जरी तुटला तरी क्रेन जागच्या जागी गोठायची. माणसांच्या जिवासाठी ते बरोबरच होतं.

त्या संध्याकाळी बंदरातल्या अधिकारी देसाई मॅडमनी त्याला फोन करून सांगितलं, "तुमच्या कामाबद्दल कुणाची तक्रार नाही. पण घरचा सिग्नल नीट करा. नाहीतर मला तुम्हाला क्रेनवरून उतरवावं लागेल."

दोष घराचा होता. हे घर मुळात पिठाची गिरणी. सुजितच्या वडिलांनी, तात्यांनी, ती तरुणपणी उभी केली. यंत्राचा हादरा शेजाऱ्यांना नको म्हणून त्यांनी काळ्या दगडाच्या दोन हात जाड भिंती बांधून घेतल्या होत्या. पुढच्या खोलीत गिरणी चालायची आणि मागच्या खोलीत धान्याची पोती असायची. गिरणी बंद झाली, वर मजला चढला, पुढची खोली सुजितच्या कामाची झाली आणि मागची तात्यांची. दोन्हींच्या मध्ये पूर्वी दार होतं. सुजितनं ते विटा लावून बुजवलं होतं. तात्यांकडे जायचं तर आता अंगणातून वळसा घालून जावं लागे.

सिग्नलचा मनोरा घरामागच्या टेकडीवर होता. क्रेन चालवायला ज्या नव्या लहरी लागत त्या अगदी आखूड, मिलिमीटरभर लांबीच्या. त्यांच्यात माहिती भरपूर मावते, पण अंगात दम नसतो. जुन्या मोबाइलच्या लांब लहरी भिंतीतून कशाबशा झिरपून यायच्या. या मात्र काच तेवढी ओलांडत आणि काळ्या दगडापुढे मान टाकत. तात्यांच्या खिडकीतून त्या आत यायच्या आणि त्यांच्या खोलीतच संपायच्या.

उपाय घेऊन आल्या त्या सोनवणे बाई. नव्यानं निघालेल्या एका कंपनीच्या त्या तंत्रज्ञ होत्या. त्यांनी पिशवीतून कागदासारखी करडी, लवचिक शीट काढली.

"याला लहरपट म्हणतो आम्ही," त्या म्हणाल्या. "हा सिग्नल वाढवत नाही. याच्या अंगावर बारीक बारीक हजारो ठिपके आहेत, आणि प्रत्येक ठिपका लहर आली की तिला थोडं अडवून, थोडं उशिरा सोडतो. कुणी किती अडवायचं हे ठरवलं की सगळी लाट हवी तिकडे वळते. शेतात पाण्याचं बारं फिरवतो ना, तसं. पाणी तेवढंच, फक्त सगळं एका वाफ्यात."

एक पट तात्यांच्या खिडकीवर लागणार होता. तो आलेल्या सगळ्या लहरी गोळा करून समोरच्या भिंतीवर एका ठिकाणी आणणार, भिंगानं ऊन एका ठिपक्यावर आणावं तशा. ते ठिकाण म्हणजे बुजवलेलं दार. तिथे दगड नव्हता, एका विटेची जाडी होती. जोर एकवटला की लहरी तेवढ्यातून पार होणार होत्या. पलीकडे, सुजितच्या बाजूला, दुसरा पट त्यांना झेलणार होता.

तात्या कॉटवर बसून सगळं बघत होते. बुजवलेल्या दाराच्या जागी त्यांनी सुजितच्या आईचा फोटो लावला होता. सुजितनं तो उतरवून कॉटच्या डोक्याशी ठेवला.

"हितं काय लावायचंय?" त्यांनी विचारलं. गिरणीच्या आवाजात जन्म गेल्यानं त्यांचे कान जड झाले होते, त्यामुळे ते जरा मोठ्यानं बोलत.

"काही नाही. जागा मोकळी पाहिजे. नेटचं आहे." एवढं बोलून सुजित बाहेर पडला. त्याची शिफ्ट सुरू व्हायची होती.

लहरपटानं कमाल केली. क्रेन मोज्यातल्या बोटांबरोबर हलू लागली. धक्क्यावरच्या माणसाच्या चेहऱ्यावरचा घामही दिसू लागला. देसाई मॅडमनी फोन करून शाबासकी दिली.

पण काही आठवड्यांनी संध्याकाळी पुन्हा खोट दिसू लागली. दुपारी सगळं ठीक असायचं. शिफ्ट रंगात आली, बशीरची पाळी सुरू झाली, की चित्र अडखळायचं, कधी क्रेन गोठायची. शिफ्ट संपली की सिग्नल पुन्हा भरपूर. लहरपटाचं ॲप दर वेळी एकच सांगायचं: *मार्गात पाण्याचा अंश. भिंतीत ओल आहे का तपासा.*

"या लहरींचं पाण्याशी जमत नाही," सोनवणे बाईंनी फोनवर सांगितलं. "पाणी भेटलं की त्यातच मुरतात. वरच्या टाकीतून काही झिरपतंय का बघा."

सुजितनं गवंडी बोलावला. गवंड्यानं तात्यांच्या बाजूनं गिलावा खरवडला, विटा ठोकून पाहिल्या, वर जाऊन टाकी पाहिली. सगळं कोरडं ठणठणीत. तात्या दाराशी उभे होते. खोलीभर उडालेली धूळ त्यांच्या अंथरुणावर बसली होती.

"ओल न्हाई तिथं," ते म्हणाले.

"मशीन काय खोटं सांगतंय का?" सुजित म्हणाला. मग त्याची नजर भिंतीलगतच्या तिवईवर गेली. तिच्यावर तात्यांचा माठ होता. "हा इथं कुणी ठेवला? एवढं पाणी भिंतीला लावून ठेवल्यावर काय होणार? संध्याकाळी भरता का हा?"

तात्यांनी माठाकडे पाहिलं. "भरतो कधी कधी," ते म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. सुजितला वाटलं, चूक पकडली गेली म्हणून. त्यानं माठ उचलला आणि अंगणापलीकडच्या पडवीत नेऊन ठेवला. तहान लागली की त्या दिवसापासून म्हाताऱ्याला चपला घालून अंगण ओलांडावं लागू लागलं. हे सुजितच्या ध्यानातही आलं नाही.

माठ हलला, ओल हलली नाही.

शेवटी सोनवणे बाईंनी त्याच्या ॲपमध्ये एक जादा पान उघडून दिलं. "हे आम्ही सहसा गिऱ्हाइकाला देत नाही," त्या म्हणाल्या. "पटाचा प्रत्येक ठिपका आपल्याकडून किती लहर गेली आणि किती परत आली ते मोजत असतो. त्यावरून लहरी कुठे मुरतायत त्याचा नकाशा निघतो. काम चालू असताना बाजूला उघडा ठेवा, ओल कुठून उतरते ते आपोआप दिसेल."

दुसऱ्या दिवशी त्यानं नकाशा पडद्याच्या कडेला उघडा ठेवला. दुपारभर बुजवलेल्या दारापाशी नुसतं करडं होतं. बशीरची पाळी सुरू झाली.

"सलाम साहेब."

"सलाम. काय, जेवलास का?"

"जेवलो. आज बांगडा होता."

"मजा आहे तुझी. आणि आईचा डोळा? ऑपरेशन कधी म्हणाले?"

बशीर सांगू लागला आणि सुजितनं क्रेन फिरवायला घेतली. त्याचं लक्ष कडेला गेलं. नकाशात निळा डाग उमटला होता. छतातून उतरला नव्हता, जमिनीतून चढला नव्हता. खोलीच्या मधूनच तो सरकत सरकत आला आणि बुजवलेल्या दाराशी थांबला. उंचीला माणसाएवढा. वरचा भाग गोल, आणि तो विटांना चिकटलेला.

सुजितला अजून कळलं नव्हतं. त्यानं कंटेनर खाली टेकवला, बशीरनं अंगठा दाखवला, आणि सवयीनं सुजित म्हणाला, "शाब्बास. अरे, काल तो तुझा मुकादम शिडीवर चढून खाली उतरायचाच विसरला, त्याचं काय झालं?" आणि त्या आठवणीनं तो स्वतःच हसला.

डाग हलला. छातीच्या जागी थरथरला, मग वर खाली झाला. पलीकडचं कुणीतरी हसत होतं.

माणसाचं शरीर म्हणजे दोन तृतीयांश पाणीच. लहरपटाला एवढंच कळत होतं, आणि ते तो इमानानं सांगत आला होता.

सुजितचे हात मोज्यांत तसेच राहिले. हेडफोनमुळे बशीरचा आवाज भिंतीपलीकडे जाणं शक्य नव्हतं. तात्यांना ऐकू जात होता तो फक्त सुजितचा. जेवलास का. दमला असशील, पाणी पी. पाठ कशी आहे आता. आईला घेऊन बस जरा. रोज संध्याकाळी तो हे सगळं कित्येक कोस लांबच्या माणसाला विचारायचा, मनापासून विचारायचा. तात्यांशी दिवसभरात त्याचं बोलणं व्हायचं ते 'औषध घेतलं का' एवढंच, आणि तेही खिडकीतून.

आणि माठ. 'भरतो कधी कधी' असं म्हाताऱ्यानं का म्हटलं ते त्याला आत्ता कळलं. खरं सांगण्यापेक्षा माठाचा गुन्हा कबूल करणं त्यांना सोपं वाटलं होतं.

दार बुजवण्याचा दिवस त्याला आठवला. तात्यांनी शेंगा भाजल्या होत्या. गरम आहेत तोवर द्याव्यात म्हणून ते ताटली घेऊन आत आले, आणि त्यांचा पाय वायरीत अडकून मोज्यांची जोडणी निघाली. क्रेन गोठली. हेडफोन कानावर, बंदरावरची सगळी माणसं ऐकतायत, अशात सुजित ओरडला होता, "अक्कल आहे का तुम्हाला? कितीदा सांगायचं, मध्ये यायचं नाही!" तात्या शेंगा वेचत खाली बसले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनीच म्हटलं होतं, "दार बुजवून टाक. तुला बरं पडंल." आणि त्यानं खरोखरच बुजवलं होतं.

त्या संध्याकाळी शिफ्ट संपल्यावर उठून अंगणातून वळसा घालावा आणि मागच्या दारातून आत जावं, एवढंच करायचं होतं. तो अंगणापर्यंत गेला. तात्यांच्या खिडकीत दिवा होता. जाऊन म्हणायचं काय? मला दिसलात, असं? म्हाताऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं होईल, असं त्यानं स्वतःला समजावलं. खरं तर मेल्यासारखं त्याचं त्यालाच झालं होतं. तो परत फिरला.

मग त्यानं दुसराच मार्ग काढला, आणि पुढे ज्याची त्याला सगळ्यात जास्त शरम वाटली ती याच गोष्टीची.

भिंतीच्या वरच्या अंगाला काच लावलेला झरोका होता. बुजवलेल्या दाराऐवजी लहरी छतावर आपटवून त्या झरोक्यातून आणता येतात, असं ॲपमध्ये त्यानं पाहिलं. चित्र जरा पुसट यायचं, पण माणूस आड येत नव्हता. त्यानं तसं करून टाकलं. आता तात्या खुशाल उभे राहू शकत होते आणि क्रेनही चालू शकत होती. सुजितला बरं वाटलं. वडिलांसाठी आपण पुसट चित्रावर भागवतोय, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

आणि तो भिंतीसाठी बोलू लागला. आवाज चढवून, शब्द सुटे सुटे करून. बशीरला तो गिरणीच्या गोष्टी सांगायचा. "माझे वडील नुसतं पीठ चिमटीत धरून जोंधळा कुठल्या शेतातला ते सांगायचे, माहितेय?" डाग पुढे झुकायचा. "या भिंती त्यांनी उभ्या केल्यात. आज नाहीत असं काम करणारी माणसं." डाग कितीतरी वेळ हलायचा नाही. बशीर बिचारा "हां साहेब, बरोबर साहेब" म्हणत राहायचा. मध्येच काही सांगायला जायचा, तर सुजितचं लक्ष नकाशाकडे असायचं. 'आईचा डोळा कसा आहे' हे तो रोज विचारायचा, कारण तो प्रश्न विचारला की डाग जवळ यायचा. उत्तर आलं तोवर तो पुढच्या वाक्याची जुळणी करत असायचा.

एका दुपारी त्याची बायको स्नेहल शाळेतून आली ती तात्यांच्याच खोलीतून होऊन आली.

"तात्यांचे पाय बघितलेस? घोट्यापाशी केवढे सुजलेत. दिवसभर तर बसूनच असतो म्हणतात. तू बोल ना जरा त्यांच्याशी. मला नीट सांगत नाहीत."

"उद्या बोलतो," सुजित म्हणाला.

पाय कशानं सुजलेत ते घरात त्याला एकट्यालाच माहीत होतं. बशीरच्या पाळीपासून शिफ्ट संपेपर्यंत म्हातारा माणूस ताटकळत उभा राहत होता, आणि मुलगा पलीकडून त्याला गोष्टी सांगत होता. साधी खुर्ची द्यावी तर खुर्ची कशाला, हे सांगावं लागलं असतं.

त्यानं रेवाला, आपल्या मुलीला, हाक मारली. ती नववीत होती. "ही खुर्ची तात्यांच्या खोलीत ठेव. भिंतीला लागून, त्या बुजवलेल्या दारापाशी."

"तिथं कशाला? आजोबा तर कॉटवर बसतात."

"ठेव म्हटलं ना."

रेवानं त्याच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. नकाशा उघडाच होता. निळा डाग कॉटवरून उठून भिंतीकडे निघाला होता. "बाबा, हे आजोबा आहेत?"

त्यानं खुर्ची तिच्याकडे सरकवली. खुर्ची घेऊन ती गेली. पडद्यावर त्यानं दुसरा, बुटका डाग खोलीत शिरताना पाहिला. दोन डाग समोरासमोर उभे राहिले. बुटक्याचा हात भिंतीकडे झाला, मग खाली खुर्चीकडे. उंच डाग हळूहळू मागे सरकला आणि कॉटवर बसला.

"काय बोललीस त्यांना?" ती परत आल्यावर सुजितनं विचारलं.

"म्हटलं, बसून ऐका आजोबा, पाय दुखतील. बाबांना तुम्ही रोज दिसता." तिचा चेहरा उतरला. "चुकलं का माझं?"

"नाही," सुजित म्हणाला. "तुझं नाही चुकलं."

दुसऱ्या दिवशी बशीरची पाळी सुरू झाली तेव्हा भिंतीशी कुणी आलं नाही. खुर्ची रिकामी होती. डाग खोलीच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात होता, भिंतीकडे पाठ करून. सुजितनं आवाज चढवला, गिरणीची गोष्ट काढली, शिडीवरच्या मुकादमाची काढली. डाग फक्त श्वासापुरता हलत होता. पुढचे सगळे दिवस तसेच गेले. झरोक्यातून वळसा घ्यायची गरजच उरली नव्हती, ॲपनं आपलं आपणच पुन्हा सरळ वाट धरली. चित्र आरशासारखं लखलखीत झालं.

देसाई मॅडमचा फोन आला. "मानलं तुम्हाला. हा आठवडा एकदाही खंड नाही. ओल सापडली वाटतं?"

"हो," सुजित म्हणाला. "गेली."

त्यानं फोन ठेवला. पडद्याच्या कडेला नकाशा स्वच्छ करडा होता. कोपऱ्यात तेवढा एक निळा ठिपका, ऐकू येणार नाही इतक्या लांब जाऊन बसलेला.

त्यानं हाती असलेला कंटेनर जागेवर टेकवला. "बशीर, क्रेन दुसऱ्या चालकाकडे देतोय. मला घरात काम निघालंय."

"सगळं ठीक ना साहेब?"

"नाही रे," तो म्हणाला आणि मोजे काढले.

अंगणात अजून ऊन होतं. मागचं दार लोटलेलं होतं. तात्या कोपऱ्यात पाटावर बसले होते आणि तिथे बसण्यासारखं काहीच नव्हतं, ना खिडकी ना उजेड. त्याला पाहून ते उठायला लागले.

"काय, नेट गेलं काय?" ते म्हणाले. "मी न्हाई हां. मी हितंच आहे."

सुजित आत आला. तो त्यांच्यासमोर जमिनीवरच बसला.

"तात्या, मला माहीत होतं. लई दिवसांपासून."

तात्यांनी मान खाली घातली. हातानं धोतराचं टोक सारखं करत राहिले. "चोरून ऐकायचं म्हणून न्हाई रे ऐकत होतो," ते म्हणाले. "या वयात असलं करतंय का कुणी. पण त्या जागी आवाज येतो तुझा. सुरुवातीला वाटलं, मलाच इचारतोयस. जेवलास का म्हणायचास, आणि मी हिकडून म्हणायचो, जेवलो बाबा. मग कळलं दुसऱ्याला इचारतोयस. पण सवय लागली होती. उत्तर दिल्याबिगर राहवायचं न्हाई."

सुजितनं मान फिरवून बुजवलेल्या दाराकडे पाहिलं.

"तू काय वाईट वाटून घेऊ नको," तात्या म्हणाले. "चालू मशीनीत माणूस मध्ये नसतोच येऊ द्यायचा. तू लहान असताना पट्ट्याजवळ आलास तर मी पण खेकसायचो तुझ्यावर. एकदा तर मुस्काटात दिली होती."

ते त्याच्यासाठी सबब शोधून देत होते, आणि ती सबब त्याला घेता येत नव्हती. पट्ट्याजवळच्या पोराला हाकललं होतं ते त्याचा जीव वाचावा म्हणून, आणि गिरणी बंद झाल्यावर त्याच पोराला खांद्यावर घेऊन ते घरी जात, हे सुजितला चांगलं आठवत होतं.

"एक सांग," तात्या जरा पुढे झुकून म्हणाले. त्यांच्या आवाजात आता नुसती उत्सुकता होती. "त्या बशीरच्या आईचा डोळा बरा झाला का? तू रोज इचारायचास. तो काय म्हणायचा ते मला ऐकू यायचं न्हाई. मधे माझं ऐकायचं राहिलं, मग कळलंच न्हाई."

सुजित आठवू लागला. ऑपरेशन झालं होतं का? बशीर काहीतरी म्हणाला होता, परवा की त्याच्या आदल्या दिवशी. टाके, का तारीख पुढे गेली, का दुसऱ्या डोळ्याचं काहीतरी. त्यानं रोज विचारलं होतं आणि एकदाही ऐकलं नव्हतं.

"मला माहीत नाही, तात्या," तो म्हणाला.

"रोज तर इचारत होतास."

"मी तुम्हाला ऐकू जावं म्हणून विचारत होतो."

तात्या रागावलेही नाहीत. फक्त त्यांची उत्सुकता मावळली आणि ते बाहेर अंगणाकडे बघत बसले. त्यांनी आपल्यावर ओरडावं असं सुजितला वाटत होतं. त्यानं तोंड धुतल्यासारखे दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले आणि विचारलं, "मी इथं बसून काम केलं तर चालेल?"

"हितं?"

"सिग्नल आधी इथंच येतो. तुमच्या खिडकीतून. मला पलीकडे बसायची गरजच नव्हती."

"मग माणूस मध्ये व्हईल की."

"तुम्ही नाही मध्ये येणार. मी येतोय."

तात्यांनी विचार केला. "कॉट जरा सरकवावी लागंल," ते म्हणाले.

पुढच्या सोमवारी त्यानं टेबल, पडदा आणि मोजे मागच्या खोलीत आणले. माठ पडवीतून उचलून खिडकीखाली ठेवला आणि गाळून पाणी भरलं. लहरपट दोन्हीकडचे काढून सोनवणे बाईंना परत पाठवले. का काढले, हे त्यांनी विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं, तुमचं यंत्र चांगलं आहे, माझ्या घराची मांडणी चुकली होती. तात्यांनी धुतलेला सदरा घातला होता आणि ते कॉटवर हात मांडीत ठेवून बसले होते, कुणाच्या कार्यालयात बसावं तसे. त्यांना तसं बसलेलं बघून सुजितनं नजर पडद्याकडे वळवली.

पाळी बदलली. धक्क्यावर बशीर आला.

"सलाम साहेब."

"सलाम," सुजित म्हणाला, आणि पुढचं रोजचं वाक्य ओठांवर येऊन थांबलं. इतकी वर्षं ते सहज निघायचं. आता मागे कॉटचा करकर आवाज झाला, आणि ते निघेना.

"साहेब? आवाज येत नाही तुमचा."

"येतोय. एक मिनिट थांब."

त्यानं हेडफोन एका कानावरून मागे सारला आणि मान वळवली. मान वळली, पण वर होत नव्हती. तो तात्यांच्या सुजलेल्या घोट्यांकडे बघतच बोलला.

"तात्या, जेवलात का?"

तात्यांनी एका हातानं दुसरा हात चोळला.

"कवाच," ते म्हणाले. मग हनुवटीनं पडद्याकडे खूण केली. "त्याला इचार आता. आणि काय म्हणतो ते ऐक."